निळ्या फरशीचा फोल्डर

१

शुक्रवारी सकाळी साडेनऊ वाजता आक्कांनी भट्टीशेजारच्या खोलीतला जुना संगणक सुरू केला, नेहमीच्या जागी पाहिले, आणि निळा फोल्डर तिथे नव्हता.

आक्कांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. हिरवा होता, पिवळा होता, मातकट तांबडाही होता. निळा तेवढा गायब. त्यांनी संगणक बंद करून परत लावला, कारण गेल्या सोळा वर्षांत त्या यंत्राचे निम्मे आजार याच औषधाने बरे झाले होते. या खेपेला औषध लागू पडले नाही.

आक्कांचा कारखाना हाताने घडवलेल्या, झिलई दिलेल्या फरशांचा. तिथला निळा म्हणजे नुसता रंग नव्हे. कोणती पूड किती घ्यायची, भट्टी कितव्या तासाला किती अंशांवर न्यायची, कुठे थोपवून धरायची, हे सारे त्यांच्या सुनेने नऊ वर्षे खपून बसवले होते आणि त्या फोल्डरमध्ये ठेवले होते. घरचा नियम असा की कृती कारखान्याच्या दाराबाहेर जायची नाही; कागदावर नाही की पेनड्राइव्हवर नाही. त्यामुळे त्या निळ्याची दुसरी प्रत कुठेही नव्हती. येत्या मंगळवारी एका पोहण्याच्या तलावासाठी नेमक्या त्याच निळ्याच्या चार हजार फरशा भाजायला घ्यायच्या होत्या.

सूनबाई तीन आठवड्यांपूर्वी नवऱ्याच्या बदलीबरोबर दुसऱ्या शहरात गेली होती. जाताना तिने सासूकडे एकच मागणे केले होते. या संगणकात एक सोय आहे, ती चालू करा, म्हणजे तिथून मी माझ्या संगणकावर बसून हाच पडदा बघीन, हीच भट्टी लावीन. आक्कांनी नाही म्हटले होते. भट्टी दुरून पेटवत नाहीत, असे त्यांचे म्हणणे.

ते बोलणे आठवून आक्कांनी संगणकाच्या सेटिंगमध्ये डोके घातले. सोमवारी सूनबाईने फोनवर पुन्हा सगळे समजावले होते, म्हणून जागा ठाऊक होती. दुसऱ्या संगणकावरून इथे येऊ द्यावे, अशा अर्थाची एक ओळ तिथे होती आणि तिच्यापुढे चौकोन होता. तो चौकोन रिकामा असायला हवा होता. त्यात बरोबरची खूण होती, आणि ती आक्कांनी केलेली नव्हती.

२

दुपारी बारा वाजता टायपिंगबाई आल्या.

बाईंनी तीस वर्षे टायपिंगचा क्लास चालवला होता. यंत्रे भंगारात निघाली तेव्हा गळा काढत बसण्याऐवजी त्या संगणक शिकल्या. नवे इंजिनियर ज्याला हात लावायच्या आधीच फेकून द्या म्हणतात, असे जुने संगणक जिवंत ठेवायचे, हा आता त्यांचा उद्योग. एकसष्टाव्या वर्षीही नाकावर माशी बसू देत नसत. आक्कांच्या मुलाला त्यांनीच टायपिंग शिकवले होते, त्यामुळे या घरात त्यांचा शब्द चाले, किंवा निदान ऐकून तरी घेतला जाई.

आक्कांनी सगळी हकीकत सांगितली आणि शेवटी निकालही सांगून टाकला. सूनबाईने गुपचूप खूण करून ठेवली, तिकडून आत शिरली आणि स्वतःचा निळा घेऊन गेली. संध्याकाळी सहाला मुलाचा फोन यायचा होता. तेव्हा आक्का त्याला सांगणार होत्या, की तुझ्या बायकोने यापुढे या कारखान्याची पायरी चढायची नाही.

"मग मला कशाला बोलावलंत?" बाईंनी विचारले. "निकाल तर लागलाय."

"फोल्डर परत आणायला."

"आक्का, आधी कोण ते कळलं, तर कुठे ते आपोआप कळेल. सहापर्यंत तोंड बंद ठेवा. त्याच्या आत मी सांगते."

आक्कांना असे कुणी बोलत नसे. पण त्यांनी खुर्ची पुढे सरकवली.

बाईंनी संगणक बंद करून पुन्हा लावला. त्याने काही विचारले नाही, थेट उघडला. पासवर्ड नाही का, या प्रश्नावर आक्का म्हणाल्या की इथे दिवसभर सगळ्यांचे हात मातीत. प्रत्येक वेळी पासवर्ड कोण टाकत बसणार? सोळा वर्षांत कधी ठेवलाच नाही. कीबोर्डवर प्लॅस्टिक चढवले होते आणि त्यावरही वाळलेल्या मातीची बोटे उमटली होती. 

बाईंनी दोन गोष्टी पाहिल्या. पहिली म्हणजे यंत्रातली मोकळी जागा. सूनबाई दर महिन्याला ती एका चिठ्ठीवर लिहून पडद्याच्या कडेला डकवत असे, कारण यंत्र जवळजवळ भरलेले होते. निळ्या फोल्डरमध्ये नऊ वर्षांचे शेकडो फोटो होते. तो पुसला गेला असता तर केवढी तरी जागा मोकळी झाली असती. चिठ्ठीतला आकडा आणि आताचा आकडा जवळपास तोच होता. फोल्डर पुसलेला नव्हता. नाव बदलून याच यंत्रात कुठेतरी सारलेला होता. चिकाटीने शोधला असता तर सापडलाही असता, पण फोल्डर सापडला म्हणून सूनबाईवरचा आळ थोडाच जाणार होता? तिनेच लपवला, एवढेच आक्का म्हणाल्या असत्या.

दुसरी गोष्ट वेळ. ज्या जागेतून निळा काढला, त्या जागेवर शेवटचा बदल कधी झाला ते यंत्राने टिपून ठेवले होते. बुधवार, सकाळी अकरा सव्वीस. बाईंनी यंत्राचे घड्याळ आपल्या मनगटाशी ताडून पाहिले. ते बरोबर होते, म्हणजे बुधवारी अकरा सव्वीसला, भर कामाच्या वेळी, कारखान्यात सगळे हजर असताना हे झाले होते.

३

सगळे म्हणजे आक्का धरून चौघे. बाईंनी आधी मामांना गाठले.

मामा आक्कांचे धाकटे भाऊ, ऑर्डर आणणारे. एका मोठ्या कारखान्याला हा निळा विकत हवा होता आणि मामा तो देऊन मोकळे व्हा म्हणून वर्षभर बहिणीच्या मागे लागले होते. बाईंनी विचारायच्या आत त्यांनी हे स्वतःच सांगून टाकले. वर असेही म्हणाले, की विकायचा असता तर बहिणीची सही घेऊन राजरोस विकला असता. त्या यंत्राला आपण हातदेखील लावत नाही, आपला धंदा तोंडाचा आहे. हे शेवटचे बाईंना पटले.

त्यांनी सोमवारच्या फोनबद्दल विचारले. चहाच्या वेळी आक्कांनी फोन मोठ्या आवाजात टेबलावर ठेवला होता, सूनबाई पलीकडून समजावत होती.

"पासवर्ड ठेवावाच लागेल, लांबलचक ठेवा, असं काहीतरी चाललं होतं," मामा म्हणाले. "तेवढ्यात मातीचा ट्रक आला दाराशी, मी उठलो. पुढचं रामायण मला माहीत नाही."

नक्षीवाली मात्र शेवटपर्यंत बसून होती. तिशीची, हाताने चपळ, बोलायला फटकळ. फरशांवरची वेलबुट्टी तिच्या हातची. सूनबाई गेल्यावर निळा आपल्याकडे येईल अशी तिची आशा होती आणि आक्कांनी बघू म्हणून ती टोलवली होती. त्याचा राग तिने लपवला नाही. निळा आपल्याला करायचा आहे, आणि करायचा तर शिकूनच, हे तिने दोनदा सांगितले. सोमवारचे बोलणे तिला शब्दन् शब्द आठवत होते. आधी पासवर्डचे झाले, मग मामा ट्रककडे गेले, मग भट्टीकाका चारचा आकडा टिपून आले आणि चहा घेऊन बसले, मग ती खूण कुठे आणि कशी करायची ते झाले. आक्का सगळ्याला नुसत्या हं हं करत होत्या.

बुधवारी साडेअकराच्या सुमारास ती आपल्या टेबलाशी होती, आक्का वाळवणाच्या फळ्यांशी, मामा दाराशी फोनवर, काका भट्टीवर. कोण पाच मिनिटे जागचे हलले असते तरी कुणाच्या ध्यानात आले नसते.

बाई उठल्या तशी नक्षीवालीने ब्रश खाली ठेवला.

"तुम्ही तिला विचारलंत का? सकाळपासून सगळे तिला चोर म्हणतायत. तिला फोन एकानेही केला नाही."

बाईंना स्वतःची लाज वाटली. त्यांनीही केला नव्हता. अंगणात येऊन त्यांनी नंबर लावला. सूनबाईने सगळे ऐकून घेतले.

"बाई," ती म्हणाली, "तुमच्याशी खोटं बोलणार नाही. बुधवारी मी आत यायचा प्रयत्न केला होता."

४

दुसरे कुणी असते तर तिथेच थांबले असते. बाईंनी फक्त कधी म्हणून विचारले.

चार वाजता, सूनबाई म्हणाली. रोजच. जाण्याआधी तिने इंटरनेटवाल्याकडून तिच्या घरापासून या यंत्रापर्यंतची वाट तयार करून घेतली होती. फक्त यंत्राने येऊ देणे बाकी होते. म्हणून ती रोज चहाच्या वेळी एकदा करून बघे. आज तरी आई ऐकतील, अशी आशा. दोन आठवडे पलीकडून हूं की चूं नाही. बुधवारी मात्र यंत्राने पहिल्यांदाच उत्तर दिले आणि नाव, पासवर्ड विचारला.

"मला वाटलं, आईंनी खूण केली. परवानगी दिली मला. रडूच आलं, बाई. मग पासवर्डची जागा मोकळी ठेवून बटण दाबलं, कारण तिथे पासवर्ड कुठेय? आणि यंत्राने नाही म्हटलं."

"तू आईंना फोन नाही केलास?"

"त्या स्वतः सांगतील म्हणून वाट बघत बसले. सांगितलंच नाही त्यांनी."

बाई परत त्या खोलीत गेल्या, पिशवीतून आपला लॅपटॉप काढला, तारेने तिथल्याच जोडणीला लावला आणि सूनबाईने केले तेच करून पाहिले. यंत्राने त्यांनाही नाही म्हटले. पुन्हा केले, पुन्हा नाही. त्यांना हे ठाऊकच होते, पण ठाऊक असणे वेगळे आणि चौघांपुढे करून दाखवणे वेगळे.

ही जुनी प्रणाली बाकी कशीही असो, एका बाबतीत पक्की होती. ज्या खात्याला पासवर्ड नाही, त्यावर यंत्रासमोर बसून कुणीही काम करावे. दुरून आलेल्याला मात्र ते खाते दारातूनच परत पाठवते. खूण केलेली असली तरी. म्हणजे बुधवारी बाहेरून कुणीही आत आलेले नव्हते, येऊच शकत नव्हते. जे झाले ते या खुर्चीत बसून, या मातकट कीबोर्डवर झाले होते.

सूनबाई सुटली होती. आता चौघांतला एक शोधायचा उरला होता, आणि घड्याळात साडेतीन झाले होते.

५

भट्टीकाका भट्टीसमोर लाकडी स्टुलावर बसले होते. त्रेसष्ट वर्षांचे, कोरडे, काटक. चाळीस वर्षे हीच भट्टी. सूनबाईने संगणक जोडून दिल्यापासून अंश वरखाली करायचे काम यंत्र करी, पण काकांचा यंत्रावर विश्वास नव्हता. दर अर्ध्या तासाने ते उठत, भिंतीवरच्या तबकडीचा काटा बघत, भट्टीच्या भोकाला डोळा लावत आणि आकडा वहीत टिपत. साडेदहा, अकरा, साडेअकरा. घरात लग्न असो की आजारपण, यात खंड नाही.

काकांनी बाईंना दुसरे स्टूल दिले. ते कमी बोलत, पण विचारलेल्याचे उत्तर देत. सूनबाई चांगली पोर, तिने आपल्याला मोठ्या मायेने माऊस धरायला शिकवले, फायली इकडच्या तिकडे करायला शिकवले, असे म्हणाले. सोमवारी आपण आलो तेव्हा ती खूण कुठे करायची ते सांगत होती, त्याआधीचे आपण ऐकले नाही.

बाईंनी वही मागितली. काकांनी ती लगेच दिली.

बुधवारचे पान सुवाच्य होते. साडेनऊला ५३७. दहाला ६१४. साडेदहाला ६८३. अकराला ७४१. सगळे असेच वेडेवाकडे आकडे, कारण काटा कुणाच्या सोयीने थांबत नाही आणि काका दिसले तेच लिहितात. बाईंनी मागची पाने उलटली. महिना, दोन महिने, तीन. एकही आकडा अंदाजाचा नव्हता. त्या परत बुधवारवर आल्या.

साडेअकराच्या पुढे लिहिले होते, ८००.

बाईंनी वही मिटून परत दिली. काकांनी ती दोन्ही हातांनी घेतली आणि त्यांच्याकडे पाहिले नाही.

"पाच वाजता सगळ्यांना खोलीत बोलावतेय," बाई म्हणाल्या. "तुम्हीही या, काका."

"येतो."

६

पाच वाजता खोलीत पाच खुर्च्या मावत नव्हत्या, म्हणून मामा उभे राहिले.

बाईंनी आधी लॅपटॉपवरून आत जायचा प्रयत्न करून दाखवला. यंत्राने नाही म्हटले. का, ते त्यांनी सोप्या शब्दांत सांगितले. सूनबाई आत आलेलीच नाही, हे एवढे स्वच्छ ऐकल्यावर आक्कांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. 

"मग ही खूण?" आक्कांनी विचारले.

"ही खूण सूनबाईवर नाव यावं म्हणून केलीय. पण ज्याने केली त्याला एवढंच ठाऊक होतं, की खूण केली की दुरून येता येतं. पासवर्डशिवाय येता येत नाही, हे त्याला माहीत नव्हतं. या कारखान्यात ही चूक होणारच. सोळा वर्षांत पासवर्ड ही चीजच कुणी पाहिलेली नाही. आता सोमवारचा फोन आठवा."

त्यांनी एकेकाला संशयातून बाजूला काढले. मामांनी पासवर्डचे ऐकले आणि खुणेच्या आधी उठून गेले. खूण कुठे करतात हेच त्यांना ठाऊक नव्हते, आणि हे यंत्र लावायला सांगितले तर ते आधी पंखा लावतील. मामांनी मान डोलावली. नक्षीवालीने दोन्ही ऐकले होते. तिला सूनबाईला चोर ठरवायचे असते तर तिने खुणेबरोबर पासवर्डही ठेवला असता. जिला चोर म्हणायचे, तिला आत येता येईल एवढी तरी तजवीज नको का? आक्कांनीही दोन्ही ऐकले होते. शिवाय सुनेला नको म्हणायला त्यांना कटकारस्थान कशाला हवे, त्या तोंडावर म्हणतात.

चौथ्याचे नाव बाईंनी घेतले नाही. त्या यंत्राकडे वळल्या, ती खूण काढली आणि पुन्हा केली. लगेच पडद्यावर एक इंग्रजी चौकट आली, कारखान्यात दिवसाला दहा येतात तशी. तिच्याखाली ओके लिहिलेले बटण होते.

"ही चौकट बुधवारीही आली असणार," बाई म्हणाल्या. "इथे चौकट आली की सगळे न वाचता बटण दाबतात, तसं तेव्हाही दाबलं गेलं. तिच्यात लिहिलंय, की या यंत्रातल्या काही खात्यांना पासवर्ड नसेल. ज्या खात्याने दुरून यायचंय, त्याला पासवर्ड असायलाच हवा. यंत्राने स्वतः सांगितलं होतं. काका, बुधवारी साडेअकराला तबकडीवर किती होते?"

 काका आपल्या हातांकडे बघत होते.

"बघितलं नाही," ते म्हणाले. "मी इथे बसलो होतो. मागून आठशे लिहिलं."

७

आक्का उठून उभ्या राहिल्या, पण बाईंनी हात केला आणि काकांना बोलू दिले.

काकांना फार सांगायचे नव्हते. सोमवारी ते चहा घेत ऐकत बसले होते आणि एकच गोष्ट डोक्यात गेली, की आता भट्टी दुसऱ्या गावातून पेटणार. मग इथे स्टुलावर बसणारा कशाला? निळा दिसेनासा झाला की दुरून यायचे हे खूळ आक्का कायमचे मोडतील, असे त्यांना वाटले. फोल्डर त्यांनी फुटक्या फरशांच्या फोटोंत सारून ठेवला होता, नाव बदलून. मंगळवारच्या आत आपणच शोधून देणार होतो, असे म्हणाले.

"आणि तिच्यावर नाव येईल, हे डोक्यात नव्हतं?" आक्कांनी विचारले.

"फोल्डर हलवला तेव्हा नव्हतं." काका थांबले. "खूण केली तेव्हा होतं. खोटं कशाला बोलू?"

त्यांनी माऊस धरला, फुटक्या फरशांच्या ढिगातून फोल्डर काढला आणि जागेवर नेऊन ठेवला. मग कमरेची भट्टीची किल्ली काढून टेबलावर ठेवली. उद्यापासून येत नाही, असे म्हणाले. आक्कांनी किल्ली उचलली. चाळीस वर्षे सोबत असलेल्या माणसावर रागावायला त्यांना शब्द सापडत नव्हते आणि त्यामुळे त्या आणखीच रागावल्या होत्या.

सहाला फोन वाजला. मुलाचा होता. आक्कांनी त्याला म्हटले, तू राहू दे, तिला दे. मग त्या फोन कानाला लावून उभ्या राहिल्या. आक्कांना कुणाची क्षमा मागायची सवय नाही, हे खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होते, म्हणून सगळे भिंतीकडे बघू लागले.

"चुकलं माझं," आक्का म्हणाल्या. "मी न विचारता तुला चोर ठरवलं. तू नव्हतीस." मग त्यांनी काय काय घडले ते सांगितले, काकांचेही, आणि काका जातायत तेही.

पलीकडे काय बोलणे झाले ते ऐकू आले नाही. थोड्या वेळाने आक्कांनी फोन मोठ्या आवाजात टेबलावर ठेवला.

"काका," सूनबाईचा आवाज आला, "तुम्ही वाईट केलंत. मला फार लागलंय ते. पण तुम्ही गेलात तर मी दुरून भट्टी लावणार नाही, आईंनी परवानगी दिली तरी नाही. बाई, त्यांना सांगा ना, त्या पडद्याचं."

बाईंनी सांगितले. ही जुनी प्रणाली एका वेळी एकालाच बसू देते. दुरून कुणी आत आले की इथल्या पडद्याला कुलूप लागते. समोर बसलेल्याला आतले काही दिसत नाही. यंत्र भट्टी चालवत राहते, पण झिलई वितळली की नाही, आग पांढरी पडली की नाही, हे तिकडे आकड्यात येत नाही. ते भोकाला डोळा लावूनच कळते, आणि तसा डोळा या कारखान्यात एकाचाच आहे.

"हे मी सोमवारी सांगणारच होते," सूनबाई म्हणाली. "आईंनी फोन ठेवला."

काकांनी तोंडावर उपरणे धरले. आक्कांनी हातातली किल्ली टेबलावर ठेवली. मग ती काकांच्या दिशेने सरकवली आणि बजावले, की पुन्हा वहीत अंदाजाचा आकडा दिसला तर हिशोब माझ्याशी आहे. नक्षीवालीकडे न बघता त्या असेही म्हणाल्या, की सोमवारपासून हिने काकांशेजारी बसावे, निळा शिकायचा तर आगीपासून शिकावा.

मंगळवारी सकाळी टायपिंगबाई पुन्हा आल्या. निळ्याची एक प्रत काढून त्यांनी ती आक्कांच्या कपाटात कुलपात ठेवायला लावली. नियम मोडला नाही, कारण कपाट कारखान्यातच होते. बाहेरच्या दुसऱ्या कुणाला ती वाट सापडू नये याचा बंदोबस्त केला. मग आक्कांनी कोपरापर्यंत हात धुतले, पुसले, सगळ्यांना खोलीबाहेर काढले आणि सोळा वर्षांत पहिल्यांदा त्या यंत्राला पासवर्ड दिला. दार लावून त्यांनी तो सुनेला फोनवर सांगितला. काय होता ते बाईंनी विचारले नाही, पण फोनवर बोलताना आक्का लाजल्या होत्या, हे दाराच्या काचेतून दिसत होते.

पहिल्या शंभर फरशा भट्टीत लागल्या. काका स्टुलावर, शेजारी नक्षीवाली. बरोबर दहा वाजता पडद्यावरचे आकडे नाहीसे झाले आणि तिथे कुलपाची चौकट आली.

बंद पडले, असे मामा म्हणाले. आक्कांनी त्यांना गप्प केले, खुर्ची पुढे ओढली आणि त्या कुलूप लागलेल्या पडद्यासमोर मांडीवर हात ठेवून बसल्या.

"आली ती," त्या म्हणाल्या. "काका, सूनबाई आली. आग कशी आहे ते तिला फोनवर सांगा."